तेवीस किलोंचा संसार

जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या इवल्याशा पस मॉथ विमानात टपालाचं ओझं होतं २५ किलो. देशातल्या नियमित हवाई टपालसेवेचा पहिल्या दिवशीचा सगळा माल एवढाच. आज मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेल्या आईच्या एका बॅगेत एवढं वजन सहज भरतं, आणि ते काउंटरवर चालत नाही, कारण मर्यादा २३ किलोंची आहे. म्हणजे आपल्या हवाई वाहतुकीची सुरुवातच आजच्या हिशेबानं दोन किलो जादा झाली असती. काउंटरवरच्या मुलीनं टाटांना नम्रपणे सांगितलं असतं, 'सर, प्लीज बाजूला या आणि थोडी पत्रं कमी करा.'

बाजूला येऊन कमी करणं हा मुंबईच्या टर्मिनल दोनवरचा रात्रीचा मुख्य कार्यक्रम आहे. तो रात्रीच का, याला कारण आहे. युरोपातल्या बऱ्याच विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांना बंधनं असतात. फ्रँकफुर्टला तर रात्री ११ ते पहाटे ५ विमानांची ये-जाच बंद. तिकडे सकाळी उतरायचं तर इथून मध्यरात्रीनंतर निघणं आलं. फ्रँकफुर्टकरांची झोप मोडू नये म्हणून डोंबिवलीची माणसं रात्र जागून काढतात, आणि त्याबद्दल तिकडून कुणी आभाराचं पत्र पाठवल्याचं ऐकिवात नाही. तर रात्री ११ नंतर काउंटरसमोरच्या चकचकीत फरशीवर बॅगा उघड्या पडलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती माणसं ओणवी झालेली असतात. काटा १ किलो ४०० ग्रॅम जास्त दाखवतो. मग भाजणीची पिशवी या बॅगेतून त्या बॅगेत जाते, कुकरचं झाकण काकांच्या हँडबॅगेत जातं, स्वेटर अंगावर चढतात. मे महिन्यात मुंबईत दोन स्वेटर आणि वर कोट घालून घाम पुसत उभा असलेला गृहस्थ दिसला, तर त्याला थंडीताप नाही हे ओळखावं. त्याची बॅग २३ किलो ९०० ग्रॅम भरलेली आहे.

मराठी घरातून परदेशी निघणाऱ्या माणसाची तयारी कमी पडली असं कुणी म्हणू शकणार नाही. ती दोन महिने चालते, तिच्यात तीन पिढ्या राबतात आणि किमान एका मावशीचा रुसवाही त्यात होऊन जातो. पण या तयारीचा रोख विमानतळाकडे नसतोच. तो पलीकडच्या स्वयंपाकघराकडे असतो. विमानतळाला प्रवाशाकडून फार थोडं हवं असतं. नाव पासपोर्टाशी जुळावं, माणूस बरोबर तारखेला बरोबर इमारतीत यावा, वजन ठरल्याइतकं असावं आणि हातातल्या पिशवीत पातळ, धारदार किंवा पेट घेणारं काही नसावं. घरात नेमकं एवढंच सोडून बाकी सगळं झालेलं असतं.

वजनाचं प्रकरण यादीपासून सुरू होतं. पहिल्या यादीत औषधं, चष्मा, कपडे असतात. बाळंतपणाला जायचं म्हटल्यावर अळीव, डिंक, खारीक, बाळंतशेपा, ओवा, वेखंड आणि बाळगुटीचं सामान आपोआप येतं. (ओव्याची धुरी दिल्यावर अमेरिकेतल्या घरातली धुराची घंटा वाजते आणि शेजारी खाली रस्त्यावर जमतात, ही माहिती यादी करताना कुणालाच नसते.) मग मुलीनं फोनवर 'आई, इथे सगळं मिळतं गं' असं सांगितल्यावर यादी दुप्पट होते. सगळं मिळत असेल, पण आपली थालीपिठाची भाजणी? मेतकूट? कुळथाचं पीठ? त्यानंतर जावयासाठी बाकरवडी आणि शेवटच्या आठवड्यात शेजारच्या वहिनींची 'एवढीशी' पिशवी. वहिनींचा मुलगा टेक्ससला असतो, प्रवासी न्यू जर्सीला निघालेला असतो. पण अमेरिका एकच आहे ना, मग तिथून तो घेऊन जाईल, असा वहिनींचा भूगोल असतो आणि तो त्यांच्या तोंडावर दुरुस्त करण्याची कुणाची प्राज्ञा नसते.

ही एवढीशी पिशवी पुढे काउंटरवर भारी पडते. अमेरिकेच्या विमानात बसणाऱ्याला हमखास विचारतात, 'बॅग तुम्हीच भरली का? दुसऱ्या कुणी काही नेण्यासाठी दिलं आहे का?' या प्रश्नाला एकच सोपं उत्तर असतं आणि ते जगातल्या सगळ्या प्रवाशांना ठाऊक असतं. अपवाद आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या, खोटं बोलणं अंगवळणी न पडलेल्या बाईंचा. त्या प्रामाणिकपणे सांगतात की भरली सुनेनं, बांधली दिरांनी आणि चकल्या शेजारच्या वहिनींच्या आहेत, आत काय काय आहे ते नक्की आठवत नाही. मागची रांग तिथेच थांबते. वहिनींच्या चकल्यांची चौकशी सुरू होते. खरं तर प्रश्नामागचं कारण गंभीर आहे आणि दुसऱ्याचं बंद पुडकं न पाहता नेऊ नये हे शंभर टक्के खरं. पण वहिनींच्या देखत त्यांचं पुडकं उघडून पाहणं हे आपल्याकडे शत्रुत्वाचं लक्षण समजलं जातं.

वजन करण्याच्या पद्धती दोन. एक ताणकाटा, जो पूर्वी रद्दीवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणत. हल्ली बॅगेला अडकवायचा छोटा डिजिटल काटा मिळतो आणि तो सबंध सोसायटीत फिरत असतो, त्यामुळे ज्या रात्री लागतो त्या रात्री तो नेमका दुसऱ्या विंगमध्ये असतो. दुसरी पद्धत स्वतः बॅग धरून वजनकाट्यावर उभं राहण्याची. मग आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचं. गणित सोपं आहे, पण त्यासाठी स्वतःचं वजन चारचौघांत जाहीर करावं लागतं, म्हणून हे काम नेहमी घरातल्या सडपातळ पुतण्याकडे येतं. तो दोन बॅगा उचलून दमला की सगळ्यांनी आकड्यांबद्दल वाद घालायचा. 'रिकामी बॅगच पाच किलोंची आहे, ती कशाला मोजतात?' हा प्रश्न प्रत्येक घरात एकदा तरी विचारला जातो. अमेरिकेला जाणाऱ्या बऱ्याच तिकिटांवर २३ किलोंच्या दोन बॅगा मिळतात. त्यावर पैसे भरून वजन वाढवता येतं, पण एकच बॅग ३२ किलोंच्या पुढे गेली तर पैसे देऊनही बहुतेक कंपन्या घेत नाहीत, कारण ती उचलून विमानाच्या पोटात ठेवणाऱ्या माणसालाही कंबर असते. हे कारण ऐकल्यावर मात्र आई लगेच डिंकाचे लाडू कमी करते. कंपनीचा नियम तिला मान्य नसतो, हमालाची पाठ मान्य असते.

बॅगेत काय आहे हा त्यानंतरचा विषय, आणि इथे विमानतळाचं पाकशास्त्र घरच्या पाकशास्त्रापासून फारकत घेतं.

सुक्या खोबऱ्याचंच बघा. महाराष्ट्राच्या अर्ध्या स्वयंपाकाला ज्याचा आधार, ती खोबऱ्याची वाटी हवाई वाहतुकीच्या जागतिक नियमांत धोकादायक माल आहे. यूएन १३६३ असा तिचा क्रमांक आणि 'आपोआप पेट घेऊ शकणारे पदार्थ' असा तिचा वर्ग. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ढिगाऱ्यात ते तापत जातं आणि आग लागू शकते, हे त्यामागचं शास्त्र. ओल्या नारळाचीही सुटका नाही. केबिनमध्ये नारळाला एरवी बंदीच, म्हणून शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडी या पूजेच्या गाठोड्यातला नारळ सोबत नेता यावा यासाठी २०२४ च्या मोसमात सरकारला खास सवलत जाहीर करावी लागली, आणि तीही २० जानेवारी २०२५ पर्यंतच. अय्यप्पाच्या नारळाला मुदतीचा परवाना लागतो तिथे सत्यनारायणाच्या प्रसादाच्या नारळानं काय बोलावं! 'देवाचा आहे हो' हे वाक्य सुरक्षा तपासणीत रोज कुठे ना कुठे उच्चारलं जात असेल, आणि जवानही ते पुष्कळदा हात जोडूनच नाकारत असेल.

पातळ पदार्थांचं कारण लंडनमध्ये आहे. पेयांच्या बाटल्यांत स्फोटक द्रव भरून अटलांटिकवरची विमानं उडवण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी उघडकीला आणला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या पिशवीत १०० मिलीलिटरहून मोठी द्रवाची बाटली नेणं बंद झालं. 'द्रव' म्हणजे पाणी, शाम्पू आणि अत्तर एवढंच, असा घरचा समज असतो. विमानतळाच्या लेखी लोणचं, तूप, चटणी, श्रीखंड, मुरंबा आणि पाकातलं सगळं द्रवच. पिठलं घट्ट आहे की पातळ यावर सासू-सुनांत मतभेद असतील, सुरक्षा दलात नाहीत. थायलंडमधल्या फुकेतच्या विमानतळावर २०२२ साली एका भारतीय प्रवाशाला गुलाबजामचा डबा पुढे नेता येईना, तेव्हा त्यानं तो तिथेच उघडून तपासणी करणाऱ्यांनाच वाटला. त्याची चित्रफीत घरोघरी पाहिली गेली आणि तिच्यातून सगळ्यांनी एकच बोध घेतला की गुलाबजाम चेक-इनच्या बॅगेत टाकावेत. पाक गळून साड्यांना लागला, तो भाग निराळा.

बरं, कोरडं न्यावं तर त्यालाही मोजमाप आहे. ३० जून २०१८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत हँडबॅगेतली ३५० मिलीलिटरहून अधिक पावडर वेगळी काढून तपासली जाते आणि शंका फिटली नाही तर ती मागेच राहते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते असो, पण त्याची गाठ पडली गोडा मसाला, मेतकूट आणि नाचणीच्या सत्त्वाशी. त्यात सोऱ्या. पितळी सोऱ्या क्ष-किरणांच्या पडद्यावर कसा दिसत असेल याची कल्पना करून पाहावी: भक्कम धातूची नळी, एका टोकाला दट्ट्या, आणि शेजारी वेगवेगळ्या भोकांच्या सहा चकत्या. चकलीचं यंत्र पाहिलेलं नाही अशा माणसानं यावर काय निष्कर्ष काढावा? अशा वेळी सोऱ्या हँडबॅगेत ठेवणाऱ्या जावेकडे सगळं कुटुंब ज्या नजरेनं पाहतं, ती पडद्यासमोरच्या अधिकाऱ्याच्या नजरेपेक्षा जास्त जहाल असते.

खसखशीची गंमत मात्र अजिबात गंमत नाही. अनारशाला लावलेली खसखस आपल्याकडे दिवाळीची शोभा असते. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी असलेली वस्तू आहे आणि तिच्यापायी माणसं तुरुंगात गेलेली आहेत. दुबईच्या भाच्याला अनारसे नेणाऱ्या आत्यानं हे वाचून अनारसे साध्या रव्यावर थापावेत, भाचा समजून घेईल. आंब्याचं दुःख वेगळं. अमेरिकेनं २००७ साली भारतीय आंब्याला दार उघडलं, पण ते विकिरण केलेल्या, कागदपत्रांसह जाणाऱ्या पेट्यांना. लासलगाव आणि वाशीच्या केंद्रांतून तो आंबा रीतसर प्रक्रिया होऊन जातो. मामांनी साडीत गुंडाळलेल्या बारा हापूसांना ते दार बंदच आहे, मामांनी झाडावरून स्वतः उतरवलेले असले तरी. न्यूझीलंडला खाण्याची एखादी वस्तू न सांगता नेली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. एका विसरलेल्या सफरचंदाला पडते तेवढी किंमत रत्नागिरीच्या पेटीलाही सहसा येत नाही. सांगितलं तर फार तर वस्तू जाते, पैसे राहतात. पण फॉर्मवर 'होय' ला टिचकी मारायला मराठी मन तयार होत नाही. सरकारी कागदावर आपणहून काही कबूल करू नये, ही शिकवण दोन-तीन पिढ्यांची आहे.

आता नाव. मराठी माणसाजवळ नावांची टंचाई कधीच नव्हती. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव, शिवाय घरातलं एक, ज्यानं सगळे ओळखतात. काका गावभर बाळासाहेब, पासपोर्टात दत्तात्रय. पुतण्यानं रात्री उशिरा स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घाईघाईनं काढलं ते बाळासाहेबांचं. विमानतळाच्या दाराशी असलेल्या जवानाला दत्तात्रय आणि बाळासाहेब हे एकच असल्याचं पटवून द्यायला अख्खी चाळ उभी केली तरी उपयोग नसतो. बायकांची अवस्था याहून अवघड. आधारवर सासरचं, पासपोर्टात माहेरचं, पॅन कार्डावर दोन्हींचं मिश्रण. अमिरातीनं २१ नोव्हेंबर २०२२ पासून भेटीच्या व्हिसावर येणाऱ्यांच्या पासपोर्टात एकच शब्द असेल तर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा दक्षिणेकडच्या पुष्कळ लोकांची पंचाईत झाली. आपल्याकडे कुणाला फरक पडला नाही. आपली अडचण उलट बाजूची, नाव रकान्यात मावत नाही. बोर्डिंग पासवर तर सगळं एकत्र चिकटून शेवटी 'एमआर' लागतं आणि 'संजयएमआर' नावाचा कुणी परका इसम आपल्या जागेवर बसून जाणार की काय, अशी शंका येते.

पुण्याहून मुंबईचं विमान पकडणाऱ्यांचं वेळेचं गणित हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. विमान पहाटे साडेतीनचं. तीन तास आधी पोचायचं, म्हणजे साडेबारा. रस्ता साडेतीन तासांचा धरला की नऊ. घाटात ट्रक आडवा झाला तर? एक तास. आठ. टायर पंक्चर झालं तर? अर्धा तास. द्रुतगती मार्गावर जेवायला थांबायचं, पाऊण तास. निगडीहून मावशीला घ्यायचं, आणि मावशी तयार असली तरी तिच्या घरी चहा झाल्याशिवाय निघता येत नाही, अर्धा तास. सव्वासहा आले. एवढ्यात आजोबा दिनदर्शिका पाहून सांगतात की रविवार आहे, साडेचार ते सहा राहुकाळ. सहानंतर निघायला हरकत नव्हती, पण 'सहानंतर म्हणजे उशीरच' असं ठरतं आणि राहुकाळाच्या आधी, सव्वाचारला, गाडी निघते. विमानाला अजून सव्वाअकरा तास असतात. न्यूयॉर्कला थेट जायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्याहून जास्त वेळ प्रवासी विमानाची वाट पाहण्यात घालवतो. घाट मोकळा असतो, टायर शाबूत राहतं, मावशी दाराशी उभी असते, आणि मंडळी रात्री नऊच्या आत अंधेरीत पोचतात.

या सगळ्या सावधपणातून एक भोक मात्र राहून जातं. तिकिटावर असतं '१२ तारीख, ००:५०'. बारा तारखेची रात्र म्हणजे बारा तारखेचं जेवण झाल्यावरची रात्र, असं कुठलाही शहाणा माणूस समजतो. विमान कंपनी तसं समजत नाही. तिच्या हिशेबी बारा तारीख मध्यरात्री सुरू झाली आणि पन्नास मिनिटांनी विमान उडालं. प्रवासी आपल्या हिशेबानं निघतो तेव्हा ते विमान त्याच्याशिवाय पोचून, साफसफाई होऊन परतीच्या वाटेला लागलेलं असतं. सव्वाअकरा तास आधी निघणारं कुटुंबही चोवीस तास उशिरा पोचू शकतं ते असं.

निरोपाला किती जणांनी यावं याला नियम नाही. गाडीत जागा किती, एवढीच मर्यादा. निघताना हातावर दही-साखर मिळते. हा बहुधा प्रवासातला शेवटचा पातळ पदार्थ, ज्याचं माप कुणी विचारत नाही. टर्मिनलच्या दाराशी मात्र सगळं तुटतं. डिसेंबर १९९९ मधल्या कंदहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जायला लागली, २००० साली जयपूरपासून. दाराशी तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. पण ओळखपत्रं असतात बाबांकडे. घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट, तिकिटं, विम्याचे कागद बाबांच्या पोटाला बांधलेल्या पिशवीत, आणि बाबा असतात गाडीवाल्याशी टोलच्या पैशांवरून बोलत. बाकीचे चौघं रांगेत सर्वांत पुढे, रिकाम्या हातांनी. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या डिजियात्रेनं म्हणे चेहरा दाखवून आत जाता येतं. आजीनं ते करून पाहिलं. यंत्रानं तिला ओळखलं, जवानानं आधारवरचा फोटो पाहून ओळखलं नसतं.

आत गेल्यावर पूर्वी एक काम असायचं, परदेशी निघालेल्यानं फॉर्म भरणं. १ जुलै २०१७ पासून भारतीयांसाठी तो बंद झाला आणि 'पेन आहे का हो?' या वाक्यावर सुरू होणाऱ्या कित्येक ओळखी संपल्या. त्याच वर्षी एप्रिलपासून मुंबईसह मोठ्या विमानतळांवर हँडबॅगेच्या टॅगवर शिक्का मारणंही थांबलं, तरी अजून एखादे आजोबा तपासणीनंतर जवानासमोर टॅग धरून उभे असतातच. शिक्का नाही म्हणजे काम पूर्ण झालं नाही. जिल्हा परिषदेत उभी हयात गेलेल्या माणसाला हे कसं पटावं?

तपासणीच्या पट्ट्यापाशी फार रेंगाळण्यात अर्थ नाही, तिथलं सगळं सगळ्यांना माहीत आहे. पट्टा काढल्यावर पँट एका हातानं धरून दुसऱ्या हातानं ट्रे ढकलणारे गृहस्थ, पाटल्या-बांगड्यांमुळे वाजणारी यंत्रं, आणि पाण्याची बाटली टाकून द्यायला नको म्हणून रांगेतच लिटरभर पाणी पिऊन टाकणारा काटकसरी माणूस, ज्याला पुढचा अर्धा तास शोधायचा असतो तो वेगळाच फलक. चंचीतल्या अडकित्त्याचा मुद्दा तेवढा सांगण्याजोगा. सुपारी कातरण्याच्या या साधनाला आजोबा शस्त्र मानत नाहीत, सुरक्षा दल मानतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. अडकित्ता तिथेच राहतो. सुपारी अखंड पुढे जाते.

त्यानंतर खरा घोटाळा शांततेचा. एसटी स्टँडवर आणि रेल्वेच्या फलाटावर वाढलेल्या माणसाला कर्ण्यातून कुणीतरी ओरडून सांगेल याची खात्री असते. मुंबईच्या विमानतळावर विमानाला बोलावणाऱ्या घोषणा होत नाहीत. पडद्यावर लिहून येतं, ते वाचायचं. विमान सुटण्याच्या साधारण २५ मिनिटं आधी गेट बंद होतं. सव्वाअकरा तास आधी निघालेलं कुटुंब गेटपासून पन्नास पावलांवर डबा उघडून बसतं, कारण 'हाक मारतील की!'. टर्मिनल दोनच्या भिंतींवर 'जय हे' नावाचं अख्खं संग्रहालय आहे, देशभरातल्या पाच हजारांहून जास्त कलावस्तूंचं. फेब्रुवारी २०१४ मध्ये हे टर्मिनल प्रवाशांसाठी सुरू झालं तेव्हापासून या संग्रहालयासमोरून बहुतेक लोक पळतच गेले आहेत, तोंडात धपाट्याचा घास घेऊन.

आणि अलीकडे एक नवीनच भर पडली आहे. विमानतळ चुकण्याची सोय. ही सोय आधी गोव्यात झाली. दाबोळी होतंच, ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहूनही विमानं उडू लागली, एक वास्कोजवळ, दुसरं पेडण्यात, मधे साठेक किलोमीटर आणि दोन मोठ्या नद्या. मुंबईकरांना तोवर टर्मिनल एक की दोन एवढीच चूक करता यायची. आता पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन उभा आहे, आणि सहारचा जुना विमानतळ व तो यांच्यामध्ये ठाण्याची खाडी. टॅक्सीवाला 'एअरपोर्ट ना?' म्हणतो, प्रवासी 'हो' म्हणतो, आणि दोघांच्या मनात वेगवेगळे विमानतळ असू शकतात. तिकिटावर तीन अक्षरं छापलेली असतात. सहारला बीओएम, नवी मुंबईला एनएमआय, दाबोळीला जीओआय, मोपाला जीओएक्स. मेतकुटाची पिशवी चौथ्यांदा बांधायला घेण्याआधी कृपा करून ती अक्षरं आणि त्यांच्या शेजारची तारीख कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा, आणि ऐकताना मावशीलाही जवळ बसवा.